रोजचा एकच तास, त्यात इंग्रजी आणि कोडिंग : या चुका टाळा

दिग्रस तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत अभ्यासिका आहे. तिथं दहा-बारा पोट्टे भरतीवाले आणि एमपीएससीवाले, चार-पाच कोडिंगवाले. मी घरूनच काम करतो, संध्याकाळी जाऊन त्या चार-पाचांमध्ये बसतो. पोट्टे बदलत राहतात, चुका मात्र त्याच. परवा पुन्हा एकानं विचारलं, "दादा, आधी इंग्रजी करू का आधी पायथन?" पायथन म्हणजे कोडिंगची एक भाषा. म्हणून हे एकदाचं लिहून काढतो. दिवसभर वावर नाहीतर दुकान, रात्री जेमतेम तासभर मोकळा, अशांसाठी आहे हे. पुण्यात खोली करून दिवसाचे दहा तास ज्यांना मिळतात त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

"आधी इंग्रजी पक्कं करतो, मग कोडिंग"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती मी स्वतः दोन वर्षं केली. बारावीनंतर तालुक्याला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. बाराही टेन्स पाठ. 'आय हॅड बीन वर्किंग' झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मग पायथनला हात घातला. पहिला स्वतःचा प्रोग्राम कापसाच्या हिशेबाचा होता: वजन विचारायचं, भाव विचारायचा, गुणाकार करून दाखवायचा. चालवला तर समोर एररची लाल ओळ: 'कान्ट मल्टिप्लाय सिक्वेन्स बाय नॉन-इन्ट ऑफ टाइप एसटीआर'. यात टेन्स लावायला जागाच नव्हती. 'सिक्वेन्स' शब्दकोशात पाहिला तर 'क्रम' निघाला. कापसाचा कसला क्रम? आपलं इंग्रजीच अजून कच्चं आहे अशी समजूत करून घेतली आणि पुन्हा ग्रामरचं पुस्तक उघडलं. त्यात आणखी दीड महिना गेला.

खरी भानगड एवढीशी होती. इनपुटनं, म्हणजे वापरणाऱ्याला विचारून, घेतलेलं काहीही पायथनच्या लेखी अक्षरंच असतात, मग आपण आकडा का टाकेना. अक्षरांच्या माळेला तो सिक्वेन्स म्हणतो, आणि माळेला माळेनं गुणता येत नाही. आधी इन्ट लावून तिचा आकडा करावा लागतो. हे कळलं तेव्हा घाईघाईत मी वजनाला इन्ट लावला, भावाला लावायचा राहिला. या खेपेला एरर आला नाही, म्हणून वडिलांना मुद्दाम बोलावून बसवलं. वजन ३ क्विंटल, भाव ७०००. उत्तर आलं ७०००७०००७०००. पायथननं तीच माळ तीनदा शेजारी-शेजारी मांडून दिली होती. वडिलांनी बोटानं एकेक आकडा मोजला आणि म्हणाले, "सत्तर हजार कोटी? मंग पेरतो कायले बा आपन, दिग्रसच इकत घेऊ."

'सिक्वेन्स', 'टाइप', 'मल्टिप्लाय' हे शब्द त्या रात्री जे बसले ते बसले. क्लासात पाठ केलेल्या शब्दांतले किती उरले, विचारू नका.

तेव्हापासून मी तासाचे दोन वाटे करत नाही. एकच वही ठेवतो. डाव्या पानावर एरर जसाच्या तसा, स्पेलिंगसकट, हातानं लिहायचा. उजव्या पानावर तोच आपल्या वऱ्हाडीत. 'नेम भाव इज नॉट डिफाइन्ड' याच्यासमोर माझ्या वहीत लिहिलं आहे, "हा भाव कोन होय, मले तं कोनी सांगतलंच नाही." पुस्तकी मराठीत भाषांतर करू नका, ते इंग्रजीपेक्षा अवघड होतं. पायथनचे राखीव शब्द मोजून ३५ आहेत आणि त्यातले इफ, व्हाइल, ब्रेक, रिटर्न शाळेतच भेटलेले असतात. तेवढ्यासाठी दोन वर्षं थांबायचं काहून?

एररचा फोटो पाठवणं

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. थ्री फेज लाइन रात्रीची होती, मी हरभऱ्याला पाणी देत होतो. साडेअकराला व्हॉट्सॲपवर फोटो आला. लॅपटॉपचा स्क्रीन तिरका, अर्धी ओळ उजेडात उडालेली, खाली एकच शब्द: "दादा???" फोन लावला.

"काय लिहिलं आहे, वाच."

"एरर आहे."

"हो, पण काय म्हणते?"

"इंग्लिशमध्ये आहे दादा."

शेवटी एकेक शब्द वाचून घेतला: 'ॲड मिसिंग वन रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट: बी'. आर्ग्युमेंट म्हणजे काय, विचारलं. म्हणे, "वाद." मिसिंग म्हणजे? "हरवला." म्हणजे वाद हरवला. त्याची चूक नाही, शाळेत आर्ग्युमेंटचा तोच अर्थ शिकवतात. मी म्हटलं, ते सोड, ॲड काय आहे? "मीच लिहिलेलं फंक्शन." त्याला किती गोष्टी द्यायच्या ठरवल्या होत्या? "दोन." आणि दिल्या किती? थोडा वेळ नुसता मोटारीचा आवाज. मग, "एकच दिली ना बे मी!" 'बे' मला नव्हतं, स्वतःलाच होतं. फोन ठेवून दिला त्यानं.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: फोटो चालणार नाही, एरर टाइप करून पाठवायचा. अर्ध्या वेळा टाइप करता-करताच पोट्ट्याला चूक दिसते आणि मेसेज येतच नाही. वाचताना शेवटची ओळ आधी वाचा, मग तिच्या वरचा ओळ क्रमांक. पायथन डोक्यावरच लिहून देतो, 'मोस्ट रिसेंट कॉल लास्ट', म्हणजे ताजी भानगड तळाला. तरीही सगळे वरून वाचायला घेतात आणि दुसऱ्या ओळीत दमतात.

चॅटजीपीटीत एरर चिकटवून दुरुस्त कोड उचलणं हाही फोटोचाच भाऊ, फक्त जास्त शिकलेला. मी वापरतो, नाही म्हणत नाही. पण आधी उजव्या पानावर आपला अंदाज लिहायचा, मग त्याला एवढंच विचारायचं की हा अंदाज बरोबर का. कोड मागायचा नाही. हे सांगितलं की पोट्टे मान डोलावतात आणि घरी जाऊन कोडच मागतात.

व्हिडिओ दीडपट वेगानं पाहणं

तासाभरात चार हिंदी व्हिडिओ संपवले म्हणजे चार धडे झाले, असं नसतं. मराठीतच ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे बरेच धडे मराठी आवाजात आहेत. ते थांबवत-थांबवत, सोबत हातानं करत पाहायचे म्हणूनच केलेले आहेत. '३० दिवसांत डेव्हलपर'वाल्या जाहिरातींबद्दल मी काही बोलत नाही, बोललो की तोंड खराब होते.

हंगाम विसरून टाइमटेबल करणं

जूनमध्ये भिंतीवर टाइमटेबल लागतं, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला येतं, मागोमाग कापसाची वेचणी. टाइमटेबल बुडतं, पोट्टा म्हणतो आपल्याच्यानं होत नाही. त्या दिवसांत नवीन काही घेऊच नका. जेवणानंतर वहीची दोन पानं चाळा, बस. लॅपटॉप नसेल तर पायथन चालवायचं पायड्रॉइड थ्री हे ॲप अँड्रॉइड फोनवर इंटरनेटशिवाय चालतं, धुऱ्यावर बसूनही दहा ओळी होतात.

बोलण्याचं इंग्रजी कोडमधून आपोआप येईल असं समजणं

नाही येत. वाचता येतं, बोलताना दातखिळी बसते. मी ओलीत करताना स्वतःचा प्रोग्राम मोठ्यानं इंग्रजीत समजावत असे: फर्स्ट आय टेक द वेट, देन आय टेक द रेट. शेजारच्या वावरातल्या काकांनी घरी येऊन चौकशी केली होती, पोरगं बरं आहे ना म्हणून.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

वर्डमध्ये कोड ठेवू नका. तो सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो आणि पायथन 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणून अडून बसतो. दर महिन्याला भाषा बदलू नका, पायथन काय नि जावा काय, पहिल्या वर्षी सारखंच रडवतात. व्हेरिएबलला, म्हणजे ज्यात आकडा ठेवतो त्याला, एक्स, वाय, झेड नावं देऊ नका. 'वेट', 'रेट', 'टोटल' लिहा, तेवढंच इंग्रजी होतं.

आणि कोडमध्ये थेट मराठी आकडा लिहिला तर एरर येतो, पण इनपुटमध्ये कुणी ७००० असं मराठीत टाकलं तर इन्ट ते बरोबर समजून घेतो. हे मला वडिलांमुळे कळलं. त्यांच्या फोनचा कीबोर्ड मराठी आहे आणि कापसाचा हिशेब ते अजून त्याच प्रोग्रामवर करतात.