शिट्टी मिळते, शुक्रवार मिळत नाही

गेल्या महिन्यात न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या एका मुलानं विचारलं, "दादा, मलाही हायस्कूल बास्केटबॉलचा पंच व्हायचंय. वर्ग कुठला चांगला?" वर्गाचं उत्तर दोन मिनिटांत देऊन झालं. त्यानंतर तासभर जे बोललो ते इथे लिहितोय. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं असतं, तर तीन हंगाम वाचले असते.

न्यू जर्सीत पंच होण्यासाठी वर्ग, लेखी परीक्षा, मैदानावरची चाचणी, सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात वेळ घालवत नाही. फक्त एक सांगतो आणि स्पष्ट सांगतो: एच-1बीवर असाल तर मानधन घेऊन पंचगिरी करू नका. त्या व्हिसावर ज्या कंपनीनं तुम्हाला आणलं तिच्याशिवाय दुसरीकडे कमाई चालत नाही, मग ती एका सामन्याची का असेना. "रोख घे, कोण बघतंय" म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो होतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही कितीही चांगले पंच असा, कुठल्या सामन्याला उभे राहणार हे एक माणूस ठरवतो. त्याला असाइनर म्हणतात. लीगमधल्या शाळांचे सगळे सामने त्याच्या संगणकावर असतात. आपण मोकळ्या तारखा भरायच्या, नको त्या तारखा बंद करायच्या. त्यानं प्रत्येक पंचाला पातळीनुसार एक क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक त्याला दिसतो, आपल्याला दिसत नाही. दुपारी चारला फ्रेशमन म्हणजे नववीचा संघ, नंतर ज्युनियर वर्सिटी म्हणजे जेव्ही, शाळेचा दुय्यम संघ, आणि संध्याकाळी सातला भरलेल्या जिममध्ये वर्सिटी, शाळेचा मुख्य संघ. मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवारची वर्सिटी, विशेषतः शुक्रवारची, ज्याला मिळते तो मार्चमधल्या राज्य स्पर्धेच्या यादीत जातो.

मला पहिल्याच वर्षी भरपूर सामने मिळाले. आठवड्याला चार, कधी पाच. घरून काम करत असल्यामुळे साडेतीनला लॅपटॉप बंद करून निघू शकायचो. असाइनरचा फोन आला की मी 'हो' म्हणायचो. बर्फ पडत असताना 'हो', बायकोच्या वाढदिवसाला 'हो'. तो म्हणायचा, "तुझ्यासारखे दहा जण मिळाले तर माझं आयुष्य सोपं होईल." मला ते प्रशस्तिपत्रक वाटायचं.

मी फसलो तो इथेच. हा भाग मी लांबवणार आहे, कारण इथे भलेभले फसलेले मी पाहिलेत.

अन्याय म्हणजे आपल्याला कुणीतरी नाही म्हणेल, दार लावून घेईल, अशी आपली कल्पना असते. इथे कुणी नाही म्हणतच नाही. उलट काम ओतलं जातं. आणि काम भरपूर असलं की न्याय मिळतोय असं वाटतं. तीन हंगामांत माझे शंभराच्या वर सामने झाले, त्यात वर्सिटी चार. माझ्याबरोबर त्याच वर्गात शिकलेला एक गोरा मुलगा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, दुसऱ्याच हंगामात शुक्रवारी उभा राहायला लागला. मी स्वतःला समजावलं, त्याचे पाय जलद आहेत. होतेही. पण मग माझ्या पायांचं मूल्यमापन कुणी केलं होतं? कुणीच नाही! आमच्याकडचे निरीक्षक फक्त वर्सिटीच्या सामन्यांना येत. म्हणजे वर्सिटी हवी तर चांगला शेरा हवा, आणि शेरा हवा तर वर्सिटी हवी. या वर्तुळात बाहेरून शिरायचं तर कुणीतरी हात धरून आत ओढावं लागतं. आणि ओढणारा आपल्या ओळखीच्याला ओढतो.

शिवाय चारच्या सामन्यासाठी बिनतक्रार येणारा माणूस सातला नेला, तर चारला कुणाला पाठवायचं? आपण जितके उपयोगी, तितके खाली पक्के रुततो. देशभरच्या हायस्कूल संघटनांच्या महासंघाच्या आकड्यानुसार 2018-19 ते 2021-22 या काळात सुमारे 50,000 पंचांनी काम सोडलं. ही बातमी वाचून मला वाटलं होतं, आता आपल्याला मागणी येणार. आली, पण दुपारी चारची. वरच्या जागा सोडून कुणी फारसं गेलंच नव्हतं.

हे सगळं मला दिसलं ते एका सहकाऱ्यामुळे. पंधरा वर्षं पंचगिरी केलेले कृष्णवर्णीय गृहस्थ, पेशानं बसचालक. गाडीत एकत्र जाताना त्यांनी मागच्या सीटवरची वही दाखवली. प्रत्येक सामना त्यात लिहिलेला. शाळा, पातळी, वार, जोडीदार कोण, मुख्य पंच कोण, निरीक्षक होता का. आणि शेवटचा रकाना, नेमणूक किती दिवस आधी आली. त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि काही बोलले नाहीत.

मी घरी येऊन माझे जुने ईमेल काढले. माझ्या चारही वर्सिटी सामन्यांची नेमणूक सामन्याच्या आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी आली होती. कुणी आजारी पडलं, कुणाची गाडी बंद पडली, म्हणून. मी वर्सिटीचा पंच नव्हतोच, मी वर्सिटीची स्टेपनी होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

त्यांच्या वहीत वेगळंच चित्र होतं. त्यांना वर्सिटी मिळत होती, पण जवळजवळ सगळी शहरी भागातल्या अशा शाळांची जिथली मुलं बहुसंख्य कृष्णवर्णीय. हिरवळीच्या उपनगरातल्या शाळांमध्ये शुक्रवारी ते क्वचितच. आणि निरीक्षक बहुतेक वेळा त्या उपनगरांतच जायचे.

इथे एक युक्तिवाद ऐकायला मिळतो: मुलं ज्या वंशाची, पंचही त्याच वंशाचे, म्हणजे सगळ्यांना बरं. याला आधार म्हणून प्राइस आणि वुल्फर्स यांच्या 2010 च्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यांनी एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, 1991-92 पासूनचे 13 हंगाम तपासले आणि दिसलं ते असं, की पंचांचं त्रिकूट खेळाडूच्या वंशाचं नसलं की त्याच्याविरुद्ध फाउल किंचित जास्त दिले जातात. पण दाखला देणारे पुढचं सांगत नाहीत. 2007 मध्ये हा निष्कर्ष वर्तमानपत्रांत गाजला, आणि नंतरच्या हंगामांचा त्याच संशोधकांनी पोप नावाच्या आणखी एका संशोधकासह पुन्हा अभ्यास केला, तेव्हा तो फरक उरला नव्हता. आपल्यावर लक्ष आहे हे कळल्यावर माणसं सुधारतात. मग लक्ष ठेवा ना! 'ज्याचे त्याला' अशी वाटणी केली की त्या बसचालक काकांसारख्यांचं जग दहा शाळांपुरतं उरतं, आणि उपनगरातल्या मुलांना कृष्णवर्णीय माणूस मुख्य पंच म्हणून कधी दिसतच नाही. तीन पंचांचा संच मिश्र ठेवा आणि सगळ्यांना सगळीकडे पाठवा, हे माझं ठाम मत आहे.

आणि नेमणूक ही किरकोळ कारकुनी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याच राज्यातलं 19 डिसेंबर 2018 आठवावं. ब्युएना रीजनल हायस्कूलच्या एका कुस्तीगीर मुलाला पंचानं सांगितलं, केसांच्या जटा काप नाहीतर सामना सोड. प्रेक्षकांसमोर त्याचे केस कापले गेले. याच पंचावर 2016 मध्ये एका कृष्णवर्णीय पंचाला वंशवाचक शिवी दिल्याचा आरोप झाला होता. त्याबद्दलची शिक्षा अपिलात रद्द झाली आणि तो मॅटवर परतला. 2019 मध्ये त्याला दोन वर्षं बाजूला ठेवलं गेलं, आणि घटनेला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी राज्यपालांनी केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. मला त्यात एकच प्रश्न छळतो. त्या संध्याकाळी, त्या शाळेत, त्याचं नाव यादीत घालणाऱ्यानं क्षणभर तरी विचार केला असेल का?

तर, मी काय केलं. हंगाम संपल्यावर असाइनरला कॉफीसाठी भेटलो. जुन्या ईमेलवरून केलेली माझी वही घेऊन गेलो, आवाज चढवला नाही. वर्सिटीसाठी निकष काय, ते लेखी द्याल का, एवढंच विचारलं. त्याचा चेहरा पडला. "मी रंग बघत नाही," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता असं मला आजही वाटतं. त्याच्या फोनमध्ये जी नावं वर होती ती तो उचलत होता. त्यातले बहुतेक जण सामन्यानंतर त्याच्याबरोबर बारमध्ये बसणारे होते. मी पीत नाही, घरी मुलं वाट बघत असायची, म्हणून मी थेट गाडीकडे जायचो. बारमध्ये गप्पा खेळाच्या नसतात, हंगामात कुणाला कुठला सामना द्यायचा याच्या असतात, हे मला तीन वर्षांनी कळलं.

नव्यांनो, म्हणून प्यायला लागा असं नाही. सोडा घेऊन अर्धा तास बसा. हे बरोबर नाही, पण आज असं आहे.

उन्हाळी शिबिरांबद्दलही बोलतो. असाइनर स्वतः पैसे घेऊन शिबिर घेतो आणि नंतर त्याच शिबिरातल्या मुलांना सामने देतो, याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. एखादं शिबिर करा, पायांची जागा आणि नजर कुठे ठेवायची हे खरोखर शिकायला मिळतं. पण वर्षाला तीन-तीन शिबिरांचे पैसे भरून वर जाण्याचा मार्ग विकत घेऊ नका. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो त्यात मागे पडतो, आणि त्याचा रंग कुठला असतो ते सांगायला नको. गुरूंचंही तसंच. माझे पहिले गुरू, निवृत्त गणित शिक्षक, अत्यंत प्रेमळ. "धीर धर, तुझी पाळी येईल" हे त्यांचं वाक्य मी मंत्रासारखं जपलं. त्यांची पाळी आपोआप आली होती, म्हणून ते मनापासून तसं म्हणत होते. ज्याला तुमच्यासारखी वाट चालावी लागली, असाही एक गुरू शोधा.

कायद्याचं थोडक्यात. पंच बहुतेक ठिकाणी कर्मचारी नसतात, कंत्राटी असतात. त्यामुळे नोकरीतल्या भेदभावाचा 1964 चा प्रसिद्ध कायदा अनेकदा लागू होत नाही. पण यादवी युद्धानंतरचा, 1866 चा नागरी हक्क कायदा करार करण्याच्या हक्कात वंशभेदाला मनाई करतो आणि कंत्राटी माणसालाही लागू होतो. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यात वंशमूळ आणि वांशिक ओळखही येते, म्हणजे आपणही आलो. मी कोर्टात गेलो नाही. पण वही नसेल तर वकीलही काही करू शकत नाही.

घाबरू नका, सगळं काळोखं नाही. आम्ही पाच जण मिळून संघटनेच्या बैठकीत बोललो. दोन गोष्टी मिळाल्या: निरीक्षक जेव्हीच्या सामन्यांनाही जाऊ लागले, आणि हंगामाअखेर कुणाला किती वर्सिटी मिळाली याची यादी सगळ्यांना ईमेलने येऊ लागली. पहिली यादी आली तेव्हा असाइनरनं स्वतः मला फोन केला. "मला हे माहीत नव्हतं," म्हणाला. पुढच्या हंगामात मला अकरा वर्सिटी मिळाल्या, आणि त्यातल्या नऊ आठवडाभर आधी आल्या. शेरे पण आले. एक वाईट होता, आणि तो योग्य होता. संघ प्रेस करतो, म्हणजे कोर्टभर दाबून बचाव करतो, तेव्हा मी फार जवळ उभा राहतो.

पट्ट्यांचा शर्ट घालून पहिल्यांदा भारतीय मुलांच्या शाळेत गेलो तेव्हा प्रेक्षकांतल्या एका आजींचा आवाज आला, "अगं, पंच आपला दिसतोय!" फार बरं वाटलं. पण मंडळात ज्या मुलांबरोबर गणपतीची आरती म्हणतो त्यांच्या शाळांचे सामने मी माझ्यापुरते स्वतःहून बंद करून टाकले आहेत. तुम्हीही करा. न्याय मागायचा तर हेही त्यातच आलं.

हे मी जास्तच जोरात सांगतोय त्याला कारण आहे. गेल्या वर्षापासून गावातल्या मुलांच्या लीगचे सामने मी लावतो. पहिल्या महिन्याचा तक्ता पूर्ण केला आणि बायकोला दाखवला. ती म्हणाली, "अहो, यात निम्मी नावं आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधली आहेत." खरंच होती. मी कुणाला डावललं नव्हतं, मला फक्त तीच नावं आधी आठवली होती. तक्ता पुसला, उपलब्ध असलेल्या सगळ्यांची यादी आडनावं झाकून काढली आणि पुन्हा लावला. रात्रीचा एक वाजला.

बसचालक काका त्या बैठकीनंतर एकच हंगाम राहिले. त्यांच्या उपनगरातल्या वर्सिटी वाढल्या, राज्य स्पर्धेचं पत्र मात्र आलं नाही. गुडघ्यांनी साथ सोडली. सोडताना त्यांनी वही मला दिली. एडिसनच्या त्या मुलाला मी त्यातलं एक कोरं पान फोटो काढून पाठवलंय, रकाने तसेच ठेवून. शेवटचा रकाना भरायला विसरू नकोस, असं खाली लिहिलंय.