सिलिकॉन होज लावल्यावर कूलंट गळतंय? पाइपाला शिव्या देण्याआधी या चुका बघा

बोनेट उघडलं की आत लाल नाहीतर निळे चकचकीत होज, म्हणजे पाइप, खाली कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) वाळलेले डाग, आणि मालकाचं ठरलेलं वाक्य: "पाइप डुप्लिकेट निघाला." कधी कधी निघतोही. पण बहुतेक वेळा पाइपाला काही झालेलं नसतं. गळतो तो सांधा, म्हणजे पाइप जिथे रेडिएटरच्या किंवा थर्मोस्टॅटच्या तोटीवर चढतो ती दीड इंच जागा. आणि ती जागा पाइप बनवणाऱ्याने बिघडवलेली नसते, बसवणाऱ्याने बिघडवलेली असते.

आधी एक कटू गोष्ट. रोज ऑफिसला जाणाऱ्या, कंपनीच्या ट्यूनवर चालणाऱ्या गाडीला सिलिकॉन होज लागतच नाहीत. कंपनीचा काळा ईपीडीएम रबराचा पाइप १२० अंशांच्या वरही आरामात टिकतो आणि धडधाकट इंजिनातलं कूलंट ९० ते १०५ अंशांच्या आसपास फिरतं. सिलिकॉन १७०-१८० अंश सोसतं हे खरं, पण कूलंट तेवढं तापायच्या कितीतरी आधी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, गेलेलं असेल. टर्बोच्या शेजारून पाइप जातो, गाडी ट्रॅकवर पळते, किंवा जुन्या गाडीचा मूळ पाइप बाजारात मिळतच नाही, अशांनी जरूर लावा. बाकीच्यांनी रंगासाठी लावला आहे हे मान्य करा आणि पुढे वाचा.

गळलं की आवळ, परत गळलं की परत आवळ

ही चूक बघून बघून डोकं फिरतं, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो.

थंडीचे दिवस होते. एक पोरगा ब्रेक पॅड बदलायला गाडी घेऊन आला. डिझेल हॅचबॅक, ऑनलाइन मागवलेला लाल सिलिकॉनचा सेट, बरोबर आलेल्या आटेवाल्या क्लिपा. क्लिपांच्या स्क्रूच्या खाचा घासून गुळगुळीत झालेल्या. विचारलं, हे काय?

"रोज सकाळी थेंब दिसतोय मालक, म्हणून जरा जरा आवळतोय."

"आणि दुपारी?"

"दुपारी काय नसतंय की."

निदान त्याच्या उत्तरातच होतं. सिलिकॉन गरम झालं की ईपीडीएमपेक्षा जास्त फुगतं. स्टीलची क्लिप तेवढी फुगत नाही. मग फुगलेला मऊ माल जाणार कुठे? साध्या क्लिपेच्या पट्टीला आरपार फटी असतात, त्यातून तो सोऱ्यातून शेवया पडाव्यात तसा बाहेर येतो. रात्री गाडी थंड झाली की पाइप आकसतो, पण फटीतून गेलेला माल काही परत येत नाही. त्यामुळे पकड सैल. सकाळी गाडी चालू केली की सिस्टिममध्ये दाब चढायला लागतो, पाइप मात्र अजून थंडच. त्या पहिल्या काही मिनिटांत थेंब पडतात. इंजिन तापलं, पाइप फुगला, गळती बंद. मालक खूश. दुसऱ्या दिवशी परत थेंब, परत अर्धा आटा. प्रत्येक आट्याला पट्टी पाइपात अजून रुतते आणि शेवटी आतल्या कापडापर्यंत पोचते.

आणि पाइपाच्या खाली काय आहे हे कुणी बघत नाही. हल्लीच्या बहुतेक रेडिएटरांची टाकी आणि तोटी काचतंतू घातलेल्या नायलॉनची, म्हणजे प्लास्टिकची असते. पाच-सात वर्षं उकळत्या कूलंटमध्ये राहून ते ठिसूळ झालेलं असतं. मी त्या पोराला म्हटलं, क्लिपा बदलू, तासाभराचं काम आहे. तर म्हणे, उद्या गणपतीपुळ्याला निघायचंय, आल्यावर करू. निदान स्क्रू ड्रायव्हर लावू नको एवढं बजावून पाठवलं.

जाताना काही झालं नाही. परत येताना साखरप्यावरून आंबा घाट चढायला लागला. मागे सामान, माणसं भरलेली, एसी चालू, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. निघायच्या आधी सकाळी थेंब दिसला म्हणून त्याने नेहमीप्रमाणे आवळलं होतंच. घाटात तोटी मुळापासून तडकली आणि सगळं कूलंट रस्त्यावर. काटा वर गेला, आणि मग खाली आला. काटा खाली आला म्हणजे गाडी थंड झाली असं समजून तो तसाच चढत राहिला.

हे नीट ध्यानात घ्या. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच त्याचं ऐकायचं. कूलंट संपलं की तो नुसत्या वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काहीही खोटं दाखवतो. वर गेलेला काटा चढावर अचानक खाली आला, हीटर लावल्यावर गार हवा येऊ लागली, तर त्याच जागी गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. पोराने घेतली नाही. घाटमाथ्याच्या अलीकडे इंजिन बंद पडलं ते पडलंच. गाडी टोचन करून आणली. हेड वाकलेलं, गॅस्केट गेलेलं, रेडिएटर नवा. त्या बिलात तसले लाल सेट कित्येक आले असते.

मग करायचं काय? गाडीबरोबर कंपनीने दिलेल्या स्प्रिंगच्या क्लिपा असतात ना, ज्या "स्वस्तातल्या" म्हणून लोक आधी फेकून देतात, त्याच बहुतेक वेळा योग्य असतात. पाइप फुगला की स्प्रिंग उघडते, आकसला की मागे मागे येते. पकड कायम. अडचण एकच, सिलिकॉन पाइपाची भिंत बऱ्याचदा जाड असते, साधारण पाच मिलिमीटर. मग जुनी स्प्रिंग क्लिप बसत नाही किंवा फार ताणली जाते. पाइप चढवल्यावर बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा आणि त्या मापाची मोठी स्प्रिंग क्लिप आणा. ती नाहीच मिळाली तर आटेवाली चालेल, पण आतून अखंड गुळगुळीत पट्टी असलेली. फटीवाली नको म्हणजे नको.

आवळायला मी स्क्रू ड्रायव्हर वापरत नाही. क्लिपेच्या स्क्रूवर सात किंवा आठ नंबरचा षटकोन असतो, त्याला छोटा हँडलवाला पाना लावतो. त्याने जोर आपोआप मर्यादित राहतो. आकडाच हवा असेल तर साधारण तीन ते पाच न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचं काम, खांद्याचं नाही. पट्टीच्या दोन्ही कडांना पाइप किंचित फुगलेला दिसला की थांबायचं. मग गाडी पूर्ण गरम करायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, आणि थंड असताना एकदा, फक्त एकदा, परत बघायचं. त्यानंतरही थेंब येत असेल तर चूक दुसरीकडे आहे, आणि ती आवळून सापडणार नाही.

टी-बोल्टवाल्या जाड क्लिपा दिसायला रेसिंगच्या वाटतात. त्या टर्बोच्या हवेच्या पाइपांसाठी असतात. प्लास्टिकच्या तोटीवर त्या लावणं म्हणजे तोटी तडकण्याची तारीख ठरवणं.

तोटी न घासता नवा पाइप चढवणं

जुना रबरी पाइप वर्षानुवर्षं तोटीवर बसून तिथल्या प्रत्येक खड्ड्याचा आकार घेतो, चिकटतो सुद्धा. तो काढला की मागे काळी साल राहते आणि ॲल्युमिनियमची तोटी असेल तर पांढरी भुकटी. जुना पाइप त्या भुकटीसकट गळत नव्हता, म्हणून लोकांना वाटतं नवाही गळणार नाही. सिलिकॉन तसं चिकटत नाही. त्याला स्वच्छ, गुळगुळीत, गोल जागा लागते.

त्याहून वाईट म्हणजे पाइप काढण्याची पद्धत. निघत नाही म्हणून कटरने उभा चिरतात आणि कटरची धार तोटीवर ओढत नेतात. तो उभा ओरखडा म्हणजे कूलंटला बाहेर यायला काढून दिलेला पाट. मी पाइप आधी जागच्या जागी गोल फिरवून सोडवतो. नाहीच सुटला तर चिरतो, पण धार तोटीला लागायच्या आत थांबतो आणि उरलेलं हाताने फाडतो. मग तोटीच्या तोंडात चिंधी कोंबून भांड्याच्या हिरव्या घासणीने गोल गोल घासायचं. उभं घासायचं नाही. बोट फिरवून बघायचं. नखाला खड्डा लागला तर तो कूलंटलाही सापडणार.

पाइप चढत नाही म्हणून ग्रीस, इंजिन ऑइल किंवा व्हॅसलिन लावणारे महाभाग आहेत. सिलिकॉनचं आणि तेलाचं वैर आहे. तेलाने ते फुगतं, मऊ पडतं, आणि वर क्लिपेखालून घसरतं ते वेगळंच. बोटाला कूलंट लावा, तेवढ्यावर चढतो. त्याच कारणाने हा पाइप डिझेल-पेट्रोलच्या किंवा ऑइलच्या लाइनला लावू नका.

आणि तोटीवर गॅस्केट सील फासू नका. आत दबलेले गोळे सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात.

गळतंय एकीकडे, दिसतंय दुसरीकडे

सिलिकॉनच्या पाइपात रबराच्या थरांमध्ये कापड असतं. पाइप करवतीने कापला की कडेला दोरे सुटतात. आतल्या बाजूने कूलंट त्या कडेत शिरलं की कापड वातीसारखं काम करतं आणि थेंब कुठेतरी भलतीकडेच घाम आल्यासारखे दिसतात. मालक म्हणतो, पाइप मधूनच पाझरतोय. कापायचाच असेल तर पाइपावर एक क्लिप लावून तिच्या कडेने नव्या कोऱ्या ब्लेडने एका दमात गोल कापा. कड सरळ येते आणि दोरे सुटत नाहीत.

शोधायची माझी पद्धत साधी आहे. आधी सगळं धुऊन पूर्ण कोरडं करायचं. रात्री गाडी लावायची आणि पहाटे, चालू करायच्या आधी, टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक सांध्याखाली पुसायचं. कूलंटच्या सिस्टिममध्ये दाब भरून तपासायचा हातपंप असेल तर उत्तमच. थंड इंजिनावर लावून कूलंटच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढाच दाब द्यायचा. कुठे ०.९ बार असतो, कुठे १.१, काही युरोपियन गाड्यांना १.४. वर न्यायचा नाही. मग पंधरा-वीस मिनिटं चहा पिऊन यायचं. काटा उतरला असेल तर कुठेतरी नक्की ओलं सापडतं. वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र आणि केबिनमधला कार्पेट बघायला विसरू नका. कार्पेट ओला आणि आत गोडसर वास म्हणजे हीटरचा कोअर, केबिनमधला छोटा रेडिएटर, गेला. बिचारा नवा पाइप फुकट बदनाम.

कुठेच डाग नाही आणि तरी कूलंटच्या बाटलीतली पातळी अगदी हळूहळू उतरते, असंही होतं. सिलिकॉनमधून पाण्याची वाफ ईपीडीएमपेक्षा जास्त पाझरते, तो त्या मालाचा स्वभाव आहे. पण हे कारण सगळ्यात शेवटी. आधी झाकण, हीटर आणि हेड गॅस्केट तपासा. आठवड्याला लिटरभर जात असेल तर वाफेचं नाव घेऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

तोटीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्या मागे क्लिप बसली पाहिजे. उंचवट्यावर बसली तर ती घसरणारच.

३५ मिलिमीटरचा पाइप ३२ च्या तोटीवर आवळून "बसतो" असं म्हणू नका. तो सुरकुततो आणि सुरकुतीतून गळतो.

सिलिकॉन चिवट दिसतं, पण एकदा चीर पडली की ती पळत सुटते. पंख्याच्या कव्हराला किंवा बॅटरीच्या ट्रेला पाइप घासतोय का ते इंजिन रेस करून, ते हलताना बघा.

रेडिएटरचा खालचा पाइप वॉटर पंपाच्या ओढीने चपटा होऊ शकतो. जुन्याच्या आत स्प्रिंग होती का ते फेकायच्या आधी बघा.

हवा नीट काढा. हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक चढावर, सावकाश भरणं. आत हवा राहिली की बाटलीतून कूलंट बाहेर फेकलं जातं आणि लोक परत क्लिपा आवळायला धावतात.

गळती थांबवणारी पावडर टाकून माझ्याकडे येऊ नका. आलात तर रेडिएटर आणि हीटर दोन्ही साफ करायचे पैसे आधी सांगेन.

बोअरचं पाणी टाकू नका. मिसळायला बॅटरीत वर भरायचं डिस्टिल्ड पाणी घ्या (ॲसिड नव्हे), निम्मं-निम्मं. आणि कूलंट रंगावरून जुळवू नका, बाटलीवरचा दर्जा वाचा. दोन गुलाबी एकसारखे असतीलच असं नाही.

काढलेले जुने पाइप धड असतील तर मूळ स्प्रिंग क्लिपांसकट डिकीत ठेवा. घाटात कुठल्याही गावातला मिस्त्री ते तुम्हाला बसवून देईल.

सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका. ते गोडसर असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि त्यातल्या ग्लायकॉलने मरतात. वर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून गोळा करा आणि मग भरपूर पाणी मारा.