आंब्र्वाझ तोमा यांचा 'हॅम्लेट' ऑपेरा पहिल्यांदा कसा पाहावा

शेक्सपिअरचे नाटक ठाऊक असलेला प्रेक्षक फ्रेंच संगीतकार तोमा यांचा हा ऑपेरा पाहायला बसला, की गाळलेली पात्रे शोधण्यातच त्याचा पहिला अंक सरतो. म्हणून सर्वप्रथम मूळ नाटकाशी ओळीओळीने ताडून पाहण्याचा मोह सोडावा. मिशेल कारे आणि झ्यूल बार्बिये यांनी संहिता लिहिताना अलेक्झांडर द्यूमा (थोरले) आणि पॉल मरीस यांच्या फ्रेंच रूपांतराचा आधार घेतला होता. मूळ नाटकातील फोर्टिनब्रास, रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न येथे भेटत नाहीत.

त्यानंतर पाचही अंकांचे कथानक वाचून एकच बदल पक्का लक्षात ठेवावा. तिसऱ्या अंकात राजा (हॅम्लेटचा चुलता) आणि दरबारी पोलोनियस यांचे बोलणे हॅम्लेटच्या कानावर पडते आणि आपल्या वडिलांच्या खुनात प्रेयसी ओफेलियाचा बाप पोलोनियसही सामील होता, हे त्याला कळते. नाटकात तो तिला का झिडकारतो याची चर्चा अजून संपलेली नाही. ऑपेरात मात्र कारण उघड आहे. शिवाय येथे पोलोनियस मारला जात नाही, म्हणजे तिच्या वेडामागे पितृवियोग नसून केवळ हॅम्लेटचा नकार उरतो. माझ्या मते संपूर्ण ऑपेराचा तोल या बदलामुळे तिच्याकडे झुकला आहे.

तेव्हा पहिल्या अंकातील 'दूत द ला ल्युमियेर' हे दोघांचे युगुलगीत प्रत्यक्ष प्रयोगापूर्वी दोनतीनदा ऐकावे, कारण चौथ्या अंकात पाण्यात बुडताना ओफेलिया त्याच सुरांकडे परतते. तो वेडाचा प्रवेश 1868 साली पॅरिसमधील पहिल्या प्रयोगात स्वीडिश गायिका क्रिस्टिना निल्सन यांनी गायला होता आणि त्यात स्वीडिश लोकगीताची चाल गुंफलेली आहे. आपल्या संगीत नाटकात गद्य थांबते आणि पद सुरू होते. येथे गद्य संवादच नसल्याने तिच्या ताना आलापीची हौस म्हणून नव्हे, तर सुटत चाललेले भान म्हणून ऐकाव्यात. या प्रवेशाच्या वेळी उपशीर्षकांवरून नजर काढली तरी चालते.

दुसऱ्या अंकात हॅम्लेटचे मद्यगीत येते, पण त्यानंतर नटांच्या मूकनाट्यापूर्वी वाजणारा सॅक्सोफोन चुकवू नये. त्या काळी ऑपेराच्या वाद्यवृंदात हे वाद्य नवखेच होते. चौथ्या अंकारंभीचा बॅले पॅरिसच्या रिवाजापोटी घातलेला असून अनेक प्रयोगांत तो गाळतात.

ध्वनिचित्रमुद्रण निवडायचे असल्यास पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिक या नाट्यगृहातील 2018 चा, स्तेफान देगू आणि साबिन दव्येल या गायकांचा प्रयोग घ्यावा. अन्य कोणताही प्रयोग निवडल्यास शेवट कोणता आहे, हे आधी पाहून घ्यावे: पॅरिसच्या मूळ शेवटात हॅम्लेट जिवंत राहून राजा होतो, तर लंडनमधील कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहासाठी केलेल्या शेवटात तो मरतो.