कॅन्यनचं पुस्तक घेण्याआधी

दर जूनमध्ये मी पुण्याला माहेरी येते आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टेम्पीला शिकायला निघालेली दोन-तीन मुलं आईच्या कर्वेनगरच्या घरी हमखास येऊन बसतात. बँक, घर, गाडीचं लायसन्स यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता खरा प्रश्न निघतो. "काकू, ग्रँड कॅन्यन करायचाय. पुस्तक कुठलं घेऊ?"

मी २००६ साली फिनिक्सला गेले. तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि त्याची किंमत आमच्यातल्या एकाने मोजली. गेल्या काही वर्षांत तीच चूक मी आणखी तीन मुलांना करताना पाहिली. म्हणून वाटांची माहिती देणारं पुस्तक कसं निवडायचं, हे एकदाच नीट लिहून ठेवते.

आपण सगळे सिंहगडावर घडलेलो. सकाळी ताज्या पायांनी चढायचं, वर पिठलं-भाकरी आणि ताक, मग रमतगमत उतरायचं. दमलोच तर अर्ध्यातून परत फिरायचं; परतीची वाट उताराचीच. कॅन्यन म्हणजे नदीने कोरलेली खोल दरी, तिथे हे सगळं उलटं आहे. गाडी वरच्या कड्यावर लागते, पहिले तीन तास उतार असतो, अंगात जोर असतो, आणि चढ सुरू होतो तो दुपारी, पाणी संपत आलेलं असताना. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून ब्राइट एंजल वाटेने नदीपर्यंत सुमारे ४४०० फूट उतरावं लागतं. म्हणजे जवळजवळ दोन सिंहगड, आणि तेही परतताना. शिवाय खाली जाल तसं ऊन वाढत जातं. कड्यावर २७ अंश असले की नदीकाठी ३८ असू शकतात. उन्हाळ्यात नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येऊ नका, असं पार्कवाले जागोजागी फलकांवर लिहून ठेवतात.

त्यामुळे पुस्तकात पहिल्यांदा हे बघा की लेखकाने वेळ कशी दिली आहे. 'सहा तास' असा एकच आकडा असेल तर पुस्तक खाली ठेवा. उतरायला किती आणि चढायला किती, हे वेगळं लिहिलेलं हवं. साधा हिशोब असा की उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरायचा. पुष्कळशी पुस्तकं वर्षभर तेच करणाऱ्या काटक माणसांनी लिहिलेली असतात. त्यांचे चार तास म्हणजे तुमचे सात. एखादी छोटी वाट करून तुमचा वेळ आणि पुस्तकातला वेळ यांचं गुणोत्तर काढा, आणि त्या लेखकाच्या पुढच्या प्रत्येक वाटेला तेच लावा.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या पुस्तकांच्या सवयीची. किल्ल्यांवरची आपली पुस्तकं मला जीव की प्राण आहेत, पण त्यांत वाटेची माहिती पायथ्याच्या गावापाशी येऊन थांबते. पुढे 'गावातून वाटाड्या घ्यावा' किंवा 'गावात चौकशी करावी'. ते बरोबरच आहे, कारण गावात कुणी ना कुणी मामा असतातच. ते सांगतात की टाक्यातलं पाणी या वर्षी खराब आहे, खिंडीतून जाऊ नका, दरड आली आहे. यूटा-ॲरिझोनाच्या वाळवंटात तो मामा नाही. पन्नास मैलांत माणूस नाही. मामाला विचारले असते ते सगळे प्रश्न पुस्तकाला विचारावे लागतात, आणि त्यांतला पहिला प्रश्न पाण्याचा.

आता आमची गोष्ट सांगते.

मे २००९. दक्षिण यूटामधली एक दरी. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुणीतरी पाहायला जाईल. आम्ही पाच जण, एक मुक्काम. पुस्तक मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून चार डॉलरला घेतलं होतं. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेण्याची सवय, त्यामुळे स्वस्तात चांगलं मिळालं म्हणून खूश होते. पुस्तकात नवव्या मैलावर झरा दाखवला होता आणि 'रिलायबल', म्हणजे भरवशाचा, असा शब्द होता. त्या एका शब्दावर आम्ही माणशी चारच लिटर पाणी घेतलं. पुस्तक जड म्हणून ते घरीच ठेवलं आणि हव्या त्या चार पानांची झेरॉक्स काढून नेली.

झऱ्याच्या जागी ओलसर वाळू होती आणि तिच्यावर मधमाश्या बसल्या होत्या. आम्ही स्टीलच्या ताटलीने अर्धा तास उकरलं. दोन वाट्या गढूळ पाणी निघालं, ते ओढणीतून गाळून घेतलं. संध्याकाळपर्यंत आमच्यातला सांगलीचा मुलगा उलट्या करायला लागला. मग त्याचा घाम थांबला, अंग तापलं आणि तो भलतंच बोलायला लागला. माझा नवरा आणि आणखी एक जण रात्रभर चालून रस्त्यावर पोहोचले. सकाळी तिथल्या बचाव पथकाची माणसं आली, बहुतेक सगळी स्वयंसेवक. मुलगा वाचला. तीन दिवस रुग्णालयात होता, आणि विम्याने न भरलेलं बिल तो पुढे दोन वर्षं हप्त्याने फेडत होता. त्याची आई सांगलीहून फोन करत होती आणि आम्ही तिला सांगत होतो की पाय मुरगळलाय.

परत आल्यावर मी ते पुस्तक उघडलं. झऱ्याच्या ओळीशेजारी, समासात, आधीच्या मालकाने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ड्राय, जून'. इतकं फिकट की झेरॉक्समध्ये उमटलंच नव्हतं. खिडकीशी पान तिरपं धरलं की दिसतं. ते पुस्तक आता इथे आईच्या कपाटात आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी ते पान दाखवते.

पुस्तक खोटं बोलत नव्हतं. त्याचा लेखक मार्चमध्ये त्या वाटेने गेला होता. हे मला नंतर त्यातल्याच फोटोंवरून कळलं: कॉटनवुडची झाडं निष्पर्ण होती आणि सावलीच्या कोपऱ्यात बर्फ होतं. मार्चमधला झरा मे अखेरीला असेलच असं नाही. आपल्या गडांवरची टाकी दिवाळीत भरलेली आणि एप्रिलमध्ये तळाला गेलेली असतात, हे आपण लहानपणापासून बघतो. तिथे जाऊन ते विसरलो.

म्हणून पुस्तक हातात घेतलं की लेखक कोणत्या महिन्यात चालला ते शोधा. प्रामाणिक लेखक ते लिहितो. नसेल लिहिलं तर फोटो बघा. कॉटनवुड पिवळी असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, हिरवीगार असतील तर उन्हाळा. मग पाण्याचे शब्द वाचा. 'पेरेनियल' म्हणजे बारमाही, 'सीझनल' म्हणजे हंगामी, आणि 'पॉटहोल' म्हणजे खडकातल्या खळग्यात साचलेलं पावसाचं पाणी, जे नसण्याचीच शक्यता जास्त. 'रिलायबल' असं नुसतं लिहिलं असेल आणि महिना नसेल, तर तिथे पाणी नाही असं धरूनच निघा. माणशी दिवसाला किमान चार लिटर, गरमीत त्याहून जास्त, आणि बरोबर खारं खाणं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन माणूस तितकाच आजारी पडतो. शेंगदाणे, चिवडा, लिंबाचं लोणचं हे सगळं तिथे फार कामाचं आहे. ग्रँड कॅन्यनच्या साउथ कायबाब वाटेवर पाणी मुळीच नाही. ब्राइट एंजलवर नळ आहेत, पण वरचे काही नळ हिवाळ्यात बंद असतात आणि पाइपलाइनही अधूनमधून फुटते. कुठलंही छापील पुस्तक त्या दिवशीचा नळ सांगू शकत नाही. ते आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर बघायचं.

आवृत्ती जुनी आहे का, हे ओळखायला मी तीन पानं उघडते. ब्राइट एंजलवरच्या मधल्या मुक्कामाचं नाव 'इंडियन गार्डन' दिलं असेल तर पुस्तक २०२२ च्या आधीचं. आता ते हवासुपाई गार्डन्स आहे. यूटातल्या झायन पार्कमधल्या एंजल्स लँडिंग या वाटेला परवाना लागतो हे नसेल तरीही तेच, कारण परवाना २०२२ पासून लागतो. आणि ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावरच्या लॉजमध्ये राहा असं लिहिलं असेल, तर ते लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलं. जुनं पुस्तक टाकून द्या असं मी म्हणत नाही. खडक, इतिहास, जुन्या वाटा यांसाठी जुनी पुस्तकं अप्रतिम असतात. फ्लॅगस्टाफच्या विद्यापीठात हार्वी बुचार्ट नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, ते ग्रँड कॅन्यनमध्ये सुमारे १२,००० मैल चालले. अशा माणसाचं लिहिणं रात्री घरी वाचायला घ्यावं. पाणी, परवाने आणि रस्ते मात्र ताज्या आवृत्तीतून.

काठिण्याचे आकडे नीट समजून घ्या, त्यात आपली मुलं फसतात. चालण्याच्या मोजपट्टीत 'क्लास ३' म्हणजे हात टेकून चढावं लागेल, घसरड्या कातळावर करतो तसं. अरुंद दऱ्या उतरणाऱ्यांच्या मोजपट्टीत '३' म्हणजे दोर लावून उतरणं, आणि एकदा दोर ओढून घेतला की परत वर जाता येत नाही. आकडा एकच, अर्थ निराळे. त्यापुढचं अक्षर पाण्याचं. 'ए' म्हणजे कोरडं किंवा घोट्यापुरतं, 'बी' म्हणजे साचलेले डोह, पोहावंही लागेल, 'सी' म्हणजे वाहता प्रवाह. पुढचा रोमन आकडा वेळेचा, रोमन चार म्हणजे अख्खा दिवस. '३ बी' वाचून "तीनच तर आहे" म्हणणारा मुलगा मी पाहिला आहे. कमरेला हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा, नसताना तो निघाला होता.

नकाशा पुस्तकातला पुरत नाही. सरकारी १:२४,००० नकाशे फुकट उतरवून घेता येतात, ते छापून घ्या. त्यांत समोच्च रेषा, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषा, बहुतेक ठिकाणी ४० फुटांच्या अंतराने असतात, म्हणजे ३० फुटांचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये लपून बसतो. पुस्तकात 'पोर-ऑफ' असा शब्द आला की तो हाच कडा, पावसाळ्यात जिथून धबधबा पडतो तो. मोबाइलला रेंज नसते, बाकी मोबाइलबद्दल लिहायची गरज नाही.

आता मान्सून. होय, ॲरिझोनातही तोच शब्द आहे, १५ जून ते ३० सप्टेंबर. आपल्यासाठी मान्सून म्हणजे ट्रेकचा हंगाम. पहिला पाऊस पडला की आपण राजमाची गाठतो. तिथे हेच महिने अरुंद दऱ्यांत जिवावर बेतणारे. सांदण दरीत भर पावसात उतरायचं नसतं हे पुण्यात शाळकरी मुलालाही माहीत असतं. तिथली फसगत अशी की डोक्यावर आभाळ निरभ्र असतं आणि पाऊस कित्येक मैल दूर पडत असतो. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक अशाच लोंढ्यात गेले. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. ज्या पुस्तकात प्रत्येक अरुंद दरीसोबत 'पाणी कुठून येतं', म्हणजे वरचं पाणलोट क्षेत्र किती आणि कोणत्या दिशेला, हे दिलेलं असतं, ते पुस्तक दहा डॉलर जास्त देऊन घ्या. मध्येच वर चढून सुटण्याच्या जागाही त्यात हव्यात.

आपल्या मंडळींबद्दलही मनापासून लिहिते. आपण दोनशे डॉलरचे बूट घेतो, सॅक घेतो, काठ्या घेतो, आणि पंचवीस डॉलरच्या पुस्तकाशी येऊन अडतो. मग ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकतो, ती किती सालची कुणी बघत नाही. चार जुलैच्या सुट्टीत तीस जणांची सहल निघते, कारण सुट्टी तेव्हाच असते. "आम्ही हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलीय, हे काय" असं म्हणणाऱ्या मुलाला मला हात धरून थांबवावंसं वाटतं. नळीची वाट करणाऱ्याच्या पायांत ताकद असते, हे मान्य. पण कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, अंगावरच वाळून जातो, आणि शरीर कधी रिकामं झालं ते कळत नाही.

तिथल्या रेंजरची, म्हणजे पार्कच्या रक्षकांची, भाषा शिकून घ्या. आपल्याकडे अडवणारा माणूस आवाज चढवतो, म्हणून कुणी शांतपणे बोललं की आपल्याला वाटतं परवानगी आहे. रेंजर हसून म्हणेल, "तुमच्या जागी मी असते तर आज गेले नसते." याचा अर्थ जाऊ नका. त्या देशात तुमचा निर्णय तुमचा मानतात, म्हणून हुकूम सोडत नाहीत. मला त्यांची ही पद्धत फार आवडते, फक्त ती समजायला मला तीन वर्षं लागली. पुस्तक कितीही चांगलं असलं तरी निघण्याआधी रेंजरच्या खिडकीशी जाऊन पुस्तकातलं पान त्यांच्यापुढे धरा आणि विचारा, "यातलं आता काय बदललंय?" सह्याद्रीतला मामा तिथे त्या खिडकीत बसतो.

बारीकसारीक: ॲरिझोनात घड्याळं बदलत नाहीत, यूटात बदलतात, नवाहो आदिवासींच्या भूमीवरही बदलतात, त्यामुळे परवान्याची वेळ कुठल्या घड्याळाची ते बघा. काळी भुसभुशीत दिसणारी माती जिवंत असते, तिच्यावर पाय देऊ नका. कातळावरच्या जुन्या चित्रांना हात लावू नका. वाटेच्या खुणेसारख्या दिसणाऱ्या दगडांच्या लगोऱ्या कुणीही रचलेल्या असतात, आंधळेपणाने त्यांच्या मागे जाऊ नका.

पुण्यातून पुस्तक नेऊ नका. पोहोचल्यावर पत्त्याचा पुरावा दाखवून सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढा. ते फुकट असतं आणि या विषयाची पुस्तकं तिथे मिळतात. दोन-तीन घरी आणा, तिन्हींत एकच वाट काढून शेजारी शेजारी ठेवा, आणि पाण्याच्या ओळी ताडून बघा. जे पुस्तक सगळ्यांत सावध बोलतं, त्याची ताजी आवृत्ती विकत घ्या आणि समासात पेन्सिलीने तारखेसह लिहीत जा. वाटेवर अख्खं पुस्तक न्या. जड होतं, तरी न्या.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुठेही उतरू नका, अभ्यास लावा. ऑक्टोबरच्या शेवटी फिनिक्सहून साडेतीन-चार तासांवर दक्षिण कड्याला जा, पहाटेची थंडी कडक असते, स्वेटर ठेवा. ब्राइट एंजलने दीड मैलावरच्या विसाव्यापर्यंत उतरा आणि तिथूनच वर या. घड्याळ लावून दोन्ही वेळा लिहून ठेवा, आणि मला पाठवा.