लखपत-मांडवीला निघण्याआधी

नागपुरातून कच्छच्या किनाऱ्याला निघणार असाल, तर कपडे, औषधं, चार्जर तुम्ही भरालच. जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. अहमदाबादपर्यंत रेल्वे, पुढे भूज, आणि तिथून आधीच ठरवलेली गाडी. आयत्या वेळी शोधाल तर लखपतला यायला तयार होणारा ड्रायव्हर मिळेलच असं नाही. मूळ ओळखपत्र जवळ हवं. सीमेचा भाग आहे, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका.

आता पाणी. भूज सोडण्याआधी वीस लिटरचा भरलेला जार गाडीत ठेवा. चार बाटल्या नाही, जार. मागच्या खेपेला आमचं नेमकं हेच राहिलं आणि लखपत किल्ल्याच्या तटावर भरदुपारी पोरं पाणी-पाणी करायला लागली. 'वाटेत घेऊ' म्हणू नका. लखपतच्या वाटेवरचं नखत्राणा मागे पडलं की दुकानं विरळ होत जातात, आणि कच्छात जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं. आपल्याला उन्हाची सवय आहे हे खरं, पण खाऱ्या वाऱ्यात घाम लगेच वाळतो आणि तहान लागल्याचं उशिरा कळतं.

मांडवीला सकाळीच रुक्मावती नदीच्या काठी जा. तिथे आजही लाकडी जहाजं बांधतात. कारागीर फळ्यांच्या फटीत कापसाचं सूत छिन्नीने ठोकून ठोकून बसवतो, पाणी आत येऊ नये म्हणून. विदर्भातल्या माणसाने कापसाचं हे काम जवळून बघावंच, पण आधी विचारून, आणि पायाखालचे खिळे सांभाळून. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा याच गावचे. त्यांच्या स्मारकाला तासभर द्या. दाबेली इथलीच, ती पहिल्या दिवशीच खा. जेवायला बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत म्हणजे ओळो, आणि ताक. मटण शोधत फिरू नका, वेळ जातो.

लखपतला पहाटे निघा. भूजहून सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. पेट्रोल नखत्राण्याला फुल्ल. जार भरलेला आहे ना, तेही तिथेच बघा. वाटेत माता नो मढला आशापुरा देवीचं दर्शन आणि प्रसादाचं जेवण होतं. लखपतचा सात किलोमीटरचा तट 1801 साली कच्छ राज्याचा सरदार जमादार फतेह महंमदने बांधला. त्या काळी सिंधूच्या फाट्यावरचं हे भरभराटीचं बंदर होतं. 1819 च्या भूकंपात जमीन उचलली गेली, अल्ला बंद नावाचा मातीचा नैसर्गिक बांध तयार झाला, सिंधूचं पाणी तुटलं आणि गाव ओस पडलं. पाण्यावाचून अख्खं बंदर उठलं, तिथे तुम्ही रिकामी बाटली घेऊन जाणार का? तटावर चढताना प्रत्येकाच्या हातात पाणी द्या, जार गाडीत राहू द्या. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला रुमाल लागतो. गुरू नानक मक्केच्या वाटेवर इथे थांबल्याचं मानतात, आणि त्यांच्या पादुका तिथे आहेत. लंगरमध्ये बसा, दानपेटीत मनापासून टाका.

नारायण सरोवर आणि कोटेश्वर ही जवळची तीर्थस्थानं, त्याच दिवशी उरकतात. कोटेश्वरला सुरक्षा दलाच्या चौकीचे फोटो नकोत. रोख पैसे ठेवा. नकाशा आधीच डाऊनलोड करा, रेंज जाते. अंधाराआधी परत फिरा, रस्त्यावर गुरं असतात. भूजहून अडदियो, म्हणजे उडदाच्या पिठाची मिठाई, घ्या, हिवाळ्यातच मिळतो. परतीचं तिकीट आधीच काढा.