तंगुसाच्या जाळीतून पाठीचा नकाशा

पाठीचा उंचसखलपणा टेपने मोजता येत नाही. मॉयरे छायाचित्रात मात्र दोऱ्यांची जाळी आणि तिची पाठीवरची सावली एकमेकींवर येऊन नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे थेट कातडीवर उमटतात. जपानच्या हिरोशी ताकासाकींनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे तिकडे शाळकरी मुलांच्या कण्याचा बाक हेरायला ती वापरली गेली. लेझरबिझर काही लागत नाही. लागते ती नेटकी जाळी, आणि खरा घाम तिथेच गळतो.

६० बाय ८० सेंमीची लोखंडी चौकट घ्या. दोन्ही उभ्या बाजूंना एम ६ चे (६ मिमी जाडीचे) आटेवाले रॉड वेल्ड करून घ्या. मी पुण्याच्या बोहरी आळीतून आणतो. दुकानात नुसतं ‘पाव इंची’ म्हणालात तर आट्या-आट्यांत १.२७ मिमी अंतर असलेला रॉड गळ्यात पडतो. आपल्याला बरोबर १ मिमी हवा. अर्धा मिमी जाडीचा तंगूस एकेका आट्यात बसवत आडवा गुंडाळत जा, म्हणजे दोरा आणि फट सारखी येते. पुढच्या बाजूने आट्यांवर अ‍ॅराल्डाइट लावा, पक्कं वाळू द्या, मगच मागचा थर कापा. शेवटी मॅट काळा स्प्रे, तोही हलक्या हाताने. जाड बसला की फटी बुजल्याच.

कॅमेरा आणि दिवा, दोन्ही जाळीपासून २ मीटरवर; दिवा लेन्सच्या बरोबर वर, ४० सेंमीवर. हॅलोजनची नळी आडवी, दोऱ्यांना समांतर ठेवा. चिपांचा पसरट एलईडी नको, सावल्या फिसकटतात. आता आट्याचं अंतर गुणिले जाळीचं अंतर, भागिले दिवा-लेन्स अंतर: १ × २००० ÷ ४०० म्हणजे पट्ट्यामागे सुमारे ५ मिमी खोली. काटेकोर हवं असेल तर भाजकातून पट्ट्याचा क्रमांक गुणिले आटा वजा करा. दहावा पट्टा ५० नव्हे, १० × २००० ÷ ३९० म्हणजे ५१.३ मिमीवर येतो.

खोलीत अंधार करा. पाठीवर पावडर लावा, केस वर बांधा. पाठ जाळीला जेमतेम टेकू द्या, दोरे दाबले जाऊ नयेत. श्वास रोखायला सांगून अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर द्या आणि तेवढ्यात मदतनिसाला चौकट तिच्याच प्रतलात वर-खाली सरकवू द्या. दोऱ्यांच्या रेघा पुसल्या जातात, पट्टे जागच्या जागी राहतात. ही ताकासाकींचीच युक्ती, आणि मला तरी यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

टेकलेल्या जागी उजळ पट्टा असतो; तिथून मोजत जा. नुसत्या पट्ट्यांवरून उंचवटा की खळगा ते कळत नाही, म्हणून पाठ समोर असतानाच बोट फिरवून खुणा लिहून ठेवा. आधी नितंबांवरचे पट्टे पाहा. तिथेच डावं-उजवं जुळत नसेल, तर मूल बहुधा तिरकं उभं आहे. नीट उभं करून पुन्हा फोटो घ्या. तरीही जुळत नसेल किंवा नितंब जुळूनही खवाट्यांपाशी फरक राहिला, तर डॉक्टरांकडे पाठवा. बाकाचा कॉब कोन एक्स-रेवरच मोजतात, या फोटोवर नाही. आणि फोटोत चेहरा येऊ देऊ नका, पालकांना खोलीतच बसवा.