स्नॉर्केलिंग करत प्रवाळांची नोंद कशी घ्यावी

मुलांना घेऊन स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वास घेण्याची नळी लावून पृष्ठभागावर तरंगत पाहायला, भरती पूर्ण होण्याच्या सुमारास उतरा. तेव्हा प्रवाह मंदावतो आणि पोट प्रवाळांना घासत नाही.

मास्क किनाऱ्यावरच तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढा. चिकटून राहिला तर माप बरोबर. पाणी शिरतं ते बहुधा कडेखाली अडकलेल्या केसांमुळे. मुलं मात्र पट्टा आवळत बसतात, त्याने कड मुडपते आणि गळती वाढते.

एक-दोन मीटर खोलीवर ३० मीटरची टेप अंथरा. टोकं वाळूत किंवा मृत खडकावर वजनाने दाबा, जिवंत प्रवाळाला कधीच बांधू नका. ५० सेंटिमीटरपासून सुरुवात करून दर ५० सेंटिमीटरवर टेपखाली नेमकं काय आहे ते लिहा: जिवंत प्रवाळ, मृत प्रवाळ, शैवाल, वाळू. असे ६० बिंदू होतात. १८ बिंदूंवर जिवंत प्रवाळ असेल तर आच्छादन, म्हणजे तळाचा जिवंत प्रवाळाने व्यापलेला भाग, ३० टक्के. टेप सैल पडली की लाटेबरोबर हलते आणि आकडे फसवे येतात.

लिहायला खरबरीत प्लास्टिकची पाटी आणि दोरीने बांधलेली शिसपेन्सिल.

काम जोडीनेच करा. एकजण बुडी मारेल तेव्हा दुसरा पृष्ठभागावरून त्याच्यावर नजर ठेवेल. बुडीआधी भराभर खोल श्वास घेऊ देऊ नका: त्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड उशिरा जाणवते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.